कोरड्या ईसीजीवरची सही

पावसाळा सरून वास्को-बोगमाळोच्या बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की माझ्या फोंड्याच्या दवाखान्यात स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचे, फॉर्म यायला लागतात. बहुतेक फॉर्म पंचविशी-तिशीतल्या मुलांचे असतात, त्यांत फारसं काही निघत नाही. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी सर आले ते फॉर्मला ईसीजी टाचूनच.

“डॉक्टर, सेंटरवाले म्हणतात पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर डॉक्टरची सही पाहिजेच. ईसीजी काढून आणलाय, नॉर्मल आहे. तुमची सही तेवढी हवी.”

सरांचं वय ५२. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवतात. माझा धाकटा भाऊ त्यांच्या हाताखालून गेला, म्हणून मीही त्यांना सरच म्हणते. चाळिशी उलटल्यावर तारकर्लीला सहलीत त्यांनी पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला आणि मग रीतसर कोर्स केला. ग्रँड आयलंड आणि मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी मिळून त्यांच्या चाळीसेक डाइव्ह झाल्या होत्या. शाळेत दाब शिकवताना ते मुलांना स्वतःच्या डेप्थ गेजचा, खोली मोजणाऱ्या काट्याचा, फोटो दाखवतात, हे मला भावाकडून कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच माणसाच्या अशाच फॉर्मवर मी सही केली होती. ईसीजी पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावला, “जपून हां सर” म्हटलं आणि शिक्का मारला. पाच मिनिटंही लागली नसतील. त्या पाच मिनिटांचं मला वाईट वाटतं आणि म्हणूनच हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे. सर आणि त्यांच्या पत्नी दोघांचीही परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चार वेळा ‘नाही’

या वेळी मी फॉर्म वाचला. स्कूबाच्या बहुतेक संस्था जो वैद्यकीय फॉर्म वापरतात त्याची सध्याची आवृत्ती २०२० साली आली. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. ४५ च्या पुढचं वय असेल तर आणखी चार गोष्टी विचारल्या जातात: सिगारेट ओढता का किंवा निकोटीन दुसऱ्या कुठल्या मार्गाने श्वासावाटे घेता का, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे का, रक्तदाब आहे का, आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात पन्नाशीच्या आत कुणाला हृदयविकार झाला किंवा कुणी अचानक गेलं का. सरांनी चारही ठिकाणी ‘नाही’वर खूण केली होती.

मी त्यांना बीपीची गोळी कधीपासून चालू आहे ते विचारलं. “सहा वर्षं झाली. पण गोळी घेतो म्हणजे आता बीपी नाहीच ना!” कोलेस्टेरॉल त्यांनी कधी तपासलंच नव्हतं, म्हणून तिथे ‘नाही’. थोरल्या भावाला ४७ व्या वर्षी झटका येऊन स्टेंट पडला होता, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दादा बरा आहे हो. ते वारलेल्यांचं विचारतात असं मला वाटलं.”

यात लबाडी नव्हती. ‘हो’ म्हटलं की बाद, अशी समजूत असल्यामुळे माणूस प्रश्न असा वाचतो की उत्तर ‘नाही’ येईल. वास्तविक त्या फॉर्मवरच्या ‘हो’चा अर्थ एवढाच, की पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरशी बोला. सहा वर्षांपासून बीपी असलेला माणूस पूर्ण तपासणीनंतर डाइव्ह करू शकतो, अनेक जण करतातही. पण ती तपासणी काय असावी हे डॉक्टरला कळायचं ते याच उत्तरांवरून. सरांनी चार वेळा ‘नाही’ लिहिलं आणि दोन वर्षांपूर्वी मी ते ‘नाही’ न वाचताच पुढे गेले. तोंडी विचारलं असतं तर सगळं तेव्हाच कळलं असतं.

हृदयाची एवढी चौकशी कशासाठी, हे त्यांनाही समजून घ्यायचं होतं. स्कूबातले मृत्यू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शार्क नाहीतर संपलेली टाकी येते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था डायव्हिंगमधल्या मृत्यूंच्या नोंदी ठेवते. १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंचा त्यांनी अभ्यास केला, तेव्हा ज्यांचं कारण ठरवता आलं त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्यात मूळ घटना हृदयाची होती. अशा घटना चाळिशीच्या पुढच्या आणि आधीपासून हृदयविकार असलेल्या डायव्हरांत जास्त होत्या. आपल्याकडे हे वय आणखी अलीकडे येतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या झटक्याचं मधलं वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ निघालं, इतरांत ५९ च्या जवळ. सर ५२ चे.

“पण ईसीजी नॉर्मल आहे ना?” त्यांनी पुन्हा विचारलं. पलंगावर स्वस्थ पडलेल्या, कोरड्या अंगाच्या माणसाच्या हृदयाची ती दहा सेकंदांची नोंद. जुना झटका, लयीतला बिघाड, जाड झालेला स्नायू यांची खूण तिच्यात सापडू शकते. तरुण मुलांत मी ती आवर्जून पाहते, कारण जन्मजात लांब क्यूटीसारखा दोष तिच्यात दिसतो आणि त्या दोषाच्या एका प्रकारात पोहताना हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. पण पन्नाशीच्या माणसाच्या धमनीत ७० टक्के अडथळा असला तरी विश्रांतीतला ईसीजी सरळसोट येऊ शकतो. सरांच्या वयाला, त्यांच्या घराण्याला त्या कागदाने फारसं उत्तर दिलं नव्हतं.

पाणी हृदयाकडून काय मागतं

समोर विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे पुढचं समजावणं सोपं गेलं. गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर पाण्याचा दाब पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकलतो. सुमारे ७०० मिलीलिटर रक्त जास्तीचं छातीत येतं. हृदयाचे कप्पे ताणले जातात, फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्या तुडुंब होतात. (डाइव्हनंतर बोटीवर सगळ्यांनाच लघवीची घाई का होते, त्याचं उत्तरही इथेच आहे. शरीराला वाटतं, पाणी फार झालं, बाहेर काढा.) तोंडावर थंड पाणी आलं की नाडी मंदावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि बीपी वाढतं. आपल्या समुद्राचं पाणी उबदार, पण पावसाळ्याच्या शेवटी खालचं थंड पाणी वर येतं आणि ऑक्टोबरात कधी कधी काही मीटर खाली गेल्यावर अंगावर शहारा येतो.

त्यात श्वासाची भर. १४ मीटरवर दाब २.४ वातावरण असतो, म्हणजे टाकीतून येणारी हवाही तितकीच दाट. ती आत ओढायला आणि बाहेर टाकायला जास्त जोर लागतो. प्रवाह असेल तर पायांचं काम वेगळं. डाइव्ह संपली की हलत्या बोटीच्या शिडीवरून टाकी आणि वजनाचा पट्टा मिळून वीस किलोच्या आसपास ओझं घेऊन वर चढायचं. म्हणून डायव्हिंगचे डॉक्टर माणसाची ताकद ‘मेट’मध्ये मोजतात. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढा प्राणवायू वापरतं तो एक मेट. नेहमीच्या डाइव्हला सहा मेटचं काम काही वेळ सलग झेपावं आणि अडचणीच्या वेळेसाठी दहा मेटपर्यंतची ताकद हाताशी असावी, असा साधारण दंडक आहे. पूर्वी तेराची अट धरत.

एवढं बोलून मी बीपी पाहिलं. १५६/९६. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं तर १५२/९४. गोळ्यांचं पाकीट मागवलं. मेटोप्रोलॉल, बीटा-ब्लॉकर जातीची गोळी, कुणीतरी सहा वर्षांपूर्वी लिहून दिलेली. त्यानंतर ती कुणी बदलली नव्हती, वाढवली नव्हती. तीच चिठ्ठी दरवेळी दुकानात जात होती.

आज सही होणार नाही, हे सरांना सांगितलं. लिपिड, साखर, किडनी, इको आणि ट्रेडमिल टेस्ट लिहून दिली. ते नाराज झाले. तसं दाखवलं नाही, पण फॉर्मची घडी घालताना हात जरा जोरात फिरला.

रुमाल

चार दिवसांनी सरांच्या पत्नी, वहिनी, एकट्या आल्या. त्यांचं थायरॉइडचं औषध संपलं होतं. चिठ्ठी घेतली, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

“त्यांनी तुम्हाला रुमालाचं सांगितलं का?”

मला काहीच माहीत नव्हतं. जानेवारीत सर ग्रँड आयलंडहून आले तेव्हा खोकत होते. रात्रभर दोन उशा पाठीला लावून बसून राहिले, आडवं झालं की खोकला यायचा. कपडे भिजवताना वहिनींना रुमालावर फिकट गुलाबी डाग दिसले. “मी म्हटलं, बिमलाचं लोणचं सांडलं असेल. पण लोणच्याचा डाग असा फेसासारखा नसतो हो.”

मी सरांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं. आता आठवेल तेवढं सगळं सांगा म्हटलं. ते सांगू लागले तसं मला माझ्या सहीचं पान आठवत होतं.

अमावास्येचं उधाण होतं. डायव्हर ज्याला सुझीज रेक म्हणतात त्या बुडालेल्या जहाजापाशी दुसरी डाइव्ह होती. बोट लागू नये म्हणून सकाळी रिकाम्या पोटी उलटीची गोळी घेतली आणि बीपीची गोळी राहून गेली. “पाणी भरपूर प्या” असं कुणीतरी म्हणालं, म्हणून दीड लिटरची बाटली संपवली. वेटसूट नवा आणि छातीला घट्ट. १४ मीटरवर प्रवाह लागला, अँकरच्या दोरापर्यंत सात-आठ मिनिटं जोराने पाय मारावे लागले. दोर हातात आला तरी दम खाली बसेना. रेग्युलेटरमध्येच, म्हणजे टाकीची हवा घ्यायला तोंडात धरतात त्या तुकड्यातच, खोकला सुरू झाला. घशात घरघर होती. वर आल्यावर बरं वाटेल असं त्यांना वाटलं, पण वर आल्यावर जास्तच वाईट वाटलं. शिडी चढताना दोघांनी धरलं. “पाणी गेलं नाकात,” असं त्यांनी गाईडला सांगितलं आणि स्वतःचीही तशीच समजूत करून घेतली.

“मास्कमध्ये किंवा तोंडात खरोखर पाणी आलं होतं का?”

बराच वेळ गप्प राहिल्यावर ते म्हणाले, “नाही. सगळं कोरडं होतं.”

या वर्णनाला नाव आहे: इमर्शन पल्मनरी इडिमा. पाण्यात असताना, पाणी आत न जाता, स्वतःच्याच रक्तातला द्रव फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांत झिरपतो. छातीत आधीच जास्तीचं रक्त आलेलं, वर चढलेलं बीपी, वर जोराचे श्रम, वर पोटात दीड लिटर पाणी, वर घट्ट सूट. बारीक वाहिन्यांना तो दाब पेलत नाही. खोकला, घरघर, गुलाबी फेस, आडवं न होता येणं, आणि पाण्याबाहेर आल्यावर एक-दोन दिवसांत आपोआप ओसरणं, हा त्याचा नेहमीचा क्रम. ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पीटर विल्म्सहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा अकरा जणांचं वर्णन केलं होतं. त्यांतल्या अनेकांना पुढे रक्तदाबाचा विकार जडला. सुरुवातीला हे थंड पाण्याचंच दुखणं मानलं जाई, नंतर उबदार पाण्यातही ते दिसत गेलं. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांतही त्याच्या नोंदी आहेत. यात माणूस दगावू शकतो आणि तसं झालं तर बुडून मेला असंच सगळ्यांना वाटतं.

वर आल्यावर जास्त वाईट का वाटलं, हे सरांनी स्वतःच काढलं. माझ्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर त्यांनी २.४ ला ०.२१ ने गुणलं. “म्हणजे खाली मला अर्धं वातावरण ऑक्सिजन मिळत होता. ओल्या फुप्फुसानेही भागत होतं. वर आलो आणि तो ०.२१ वर आला.” पेन खाली ठेवून ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. वीस वर्षं आंशिक दाब शिकवणाऱ्या माणसाला आपलं गणित असं भेटावं, हे मला बघवत नव्हतं.

तपासण्या, एकामागून एक

रिपोर्ट येत गेले. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५१, साखर काठावर, किडनी ठीक. इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १२ मिलीमीटर, म्हणजे थोडी जाड. आकुंचनाची ताकद ६० टक्के, चांगली. पण स्नायू सैल पडताना अडखळत होता. वर्षानुवर्षं न आवरलेल्या बीपीची ही खूण. झडपा निरोगी होत्या.

ट्रेडमिलवर घोटाळा झाला. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढतो, नऊ मिनिटं पुरी केली की साधारण दहा मेट होतात. सर ७ मिनिटं २० सेकंदांना थांबले. नाडी १२१ च्या वर गेलीच नाही. त्यांच्या वयाला किमान १४३ पर्यंत जायला हवी होती. बीटा-ब्लॉकर नाडीला लगाम घालतो, त्यामुळे टेस्टचं उत्तर अर्धवट राहिलं. बीपी मात्र २१४ पर्यंत चढलं. रिपोर्टवर ‘ईसीजीत बदल नाही’ असं छापलं होतं आणि सरांनी नेमकं तेवढंच वाक्य मला फोनवर वाचून दाखवलं. ज्या हृदयाला पुरेसं पळायला लावलंच नाही, त्याच्या ईसीजीत बदल नाही याला काय अर्थ? शिवाय नीट पार पडलेल्या ट्रेडमिलमधूनही दहातल्या तिघांचा महत्त्वाचा अडथळा निसटू शकतो.

म्हणून मी त्यांना पणजीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी मेटोप्रोलॉल तीन आठवड्यांत हळूहळू कमी करून बंद केली. (ही गोळी कुणीही मनाने एकदम थांबवू नये. नाडी आणि बीपी उसळतात, झटकाही येऊ शकतो.) त्याजागी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन आल्या. डायव्हरला या जातीच्या गोळ्या जास्त सोयीच्या, त्या श्रमाच्या वेळी नाडी अडवत नाहीत. रोझुवास्टॅटिन सुरू झाली. धमन्यांतला कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन केला. स्कोअर १३८ आला. तो शून्य असता तर आम्ही सगळेच निवांत झालो असतो. म्हणून पुढे सीटी अँजिओग्राफी केली. पुढच्या मोठ्या धमनीत ३० ते ४० टक्के अरुंदपणा होता, रक्ताला अडवणारा अडथळा कुठेच नव्हता.

याच दरम्यान सरांनी ‘बुडबुड्यांची इको’ करायची का असं विचारलं. डायव्हरांच्या गप्पांत त्यांनी पीएफओबद्दल ऐकलं होतं. जन्माआधी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी फट असते. साधारण चार माणसांतल्या एकात ती पुरती मिटत नाही. डाइव्हनंतर शिरांतल्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे येतात. एरवी ते फुप्फुसांत गाळले जातात, पण या फटीतून ते थेट मेंदूकडे जाऊ शकतात. हाताच्या शिरेत घुसळलेलं सलाइन सोडून, जोर करायला लावून, इकोवर फट शोधता येते. चांगली तपासणी आहे. पण डायव्हिंगच्या वैद्यकीय संस्था ती सरसकट सगळ्यांना करायला सांगत नाहीत. ज्याला मेंदूचा, मणक्याचा, आतल्या कानाचा किंवा अंगावर निळसर जाळी उठणारा बेंड्सचा, म्हणजे या बुडबुड्यांमुळे होणारा, त्रास झाला आहे, ज्याला डोळ्यांसमोर चमक येऊन अर्धशिशी उठते, त्याच्यासाठी तिचा विचार करायचा. सरांना यातलं काही नव्हतं आणि त्यांच्या डाइव्हही १८ मीटरच्या आतल्या. फट निघालीच असती तर चौघांतल्या एकासारखे ते ठरले असते आणि आम्ही भलत्याच दाराशी उभे राहिलो असतो. मी ती केली नाही.

फेब्रुवारीत ट्रेडमिल पुन्हा झाली. चार महिने सर रोज पहाटे चालत होते आणि आठवड्यातून एकदा पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर चढत होते. १० मिनिटं ३० सेकंद चालले, नाडी १५८, बीपी १७८/८६, ईसीजी स्वच्छ, अकरा मेटच्या पुढे. घरचं बीपी १२४/७८ च्या आसपास. हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलं: चालणं, डोंगर, सायकल, कशालाही हरकत नाही.

सर दवाखान्यात आले ते हसत. फॉर्म पुन्हा कोरा आणला होता.

सहीची जागा

तो फॉर्म मी लगेच हातात घेतला नाही. आधी मुंबईच्या एका तज्ज्ञांना फोन लावून दिला. नौदलातून निवृत्त झालेले, सागरी वैद्यकशास्त्रात आयुष्य गेलेले. त्यांनी रिपोर्ट आधीच पाहिले होते. इको, सीटी, ट्रेडमिल यांवर ते फार बोललेच नाहीत. सरांना तीन गोष्टी विचारल्या. दम खाली असतानाच लागला का? त्याआधी तोंडात पाणी गेलं होतं का? थुंकीला रंग होता का? तिन्ही उत्तरं ऐकून त्यांनी शांतपणे सांगितलं, “सर, मी तुम्हाला पुन्हा स्कूबा करू देणार नाही.”

पुढचा तास आम्ही दोघं बोलत होतो. बाहेर पेशंट थांबले होते, त्यांना मी थांबवलं.

सरांचा मुद्दा बिनतोड होता. बीपी तेव्हा हाताबाहेर होतं, आता आवरलंय. गोळी राहिली होती, आता राहणार नाही. दीड लिटर पाणी पिणार नाही, सैल सूट घेईन, प्रवाह असेल तर उतरणार नाही. कारणं काढून टाकली तर दुखणं राहील कसं? काही डॉक्टर, नेमकं कारण सापडून ते पूर्ण बरं झालं असेल तर, बंधनं घालून परवानगी देतात हेही खरं आहे. मी ते लपवलं नाही.

पण माझं मत तज्ज्ञांच्या बाजूने पडलं. ज्याला हा त्रास एकदा झाला त्याला तो पुन्हा होऊ शकतो, आणि कधी ते आधी सांगणारी तपासणी अस्तित्वात नाही. सरांच्या सगळ्या तपासण्या कोरड्या खोलीतल्या. ट्रेडमिलवर ते अकरा मेट पेलतात, तेव्हा त्यांच्या छातीत पाऊण लिटर जास्तीचं रक्त नसतं आणि तोंडात रेग्युलेटर नसतो. भिंत अजून १२ मिलीमीटरच आहे, ती दोन-चार महिन्यांत पातळ होत नाही. आणि दम पुन्हा लागला तर कुठे लागेल? १४ मीटर खाली, जिथे शेजारचा बडी, म्हणजे सोबतचा डायव्हर, आणखी दोघांवर लक्ष ठेवून आहे. तिथून वर, मग बोट, मग जेटी, मग रस्त्याने बांबोळीचं मेडिकल कॉलेज. बोटीवर ऑक्सिजन असेल आणि हा त्रास ओळखणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी: पाण्याबाहेर काढा, सूट सैल करा, बसतं ठेवा, ऑक्सिजन लावा. जानेवारीत यातलं काहीच झालं नव्हतं. कारण सर म्हणाले, नाकात पाणी गेलं, आणि सगळ्यांनी ते मानलं.

“मग एवढ्या टेस्ट कशाला केल्या?” सरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. “रुमालावरच निकाल द्यायचा होता तर चार महिने मला ट्रेडमिलवर का पळवलंत?”

मला त्याचं उत्तर देणं भाग होतं. रुमालाचा डाग धमनीतल्या अडथळ्यामुळेही पडला असता. झडपेच्या दोषाने, नाहीतर लयीच्या बिघाडानेही. तसं असतं तर स्कूबाच काय, चंद्रनाथाचा डोंगरही धोक्याचा ठरला असता. ते नाही हे आता पक्कं झालं. भावाला ४७ व्या वर्षी जे झालं त्याची सुरुवात सरांच्या धमनीतही होती, तिच्यावर आता औषध चालू आहे. आणि सहा वर्षं चुकीच्या गोळीवर वाढत राहिलेलं बीपी आटोक्यात आलं. सहीसाठी केलेल्या तपासण्यांनी सही दिली नाही, पण बाकीचं सगळं दिलं.

त्यांना हे पटलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी विचारलं, स्नॉर्केल? तेही नको म्हटलं, कारण पृष्ठभागावर जोराने पोहतानाही हा त्रास होतो. कमरेएवढ्या शांत पाण्यात, कुणीतरी सोबत असताना, दम न लागेल इतकं. एवढंच.

डॉक्टरच्या सहीच्या जागी दोन पर्याय छापलेले असतात. मी दुसऱ्यावर खूण केली: परवानगी नाही. खाली सही, तारीख, शिक्का. दोन वर्षांपूर्वीच्या सहीबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “तुम्ही विचारलं असतंत तरी तेव्हा मी ‘नाही’च म्हटलं असतं.” तसं असेलही. तरी विचारायला हवं होतं.

आता मी फॉर्म घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, एक प्रश्न तोंडी विचारते: पाण्यात कधी असा दम लागला का, की वर आल्यावरही गेला नाही? आणि घरचं माणूस सोबत असेल तर त्याच्याकडेही बघते. गेल्या हंगामात दोघांनी ‘हो’ म्हटलं. एकाला दमा निघाला, दुसरीची तपासणी अजून चालू आहे.

सरांनी फॉर्मची प्रत मागितली तेव्हा मला वाटलं, जपून ठेवायला असेल. ती त्यांनी दादाच्या मुलाला, मालवणला बोटीवर काम करणाऱ्या पुतण्याला दाखवली. तो २६ वर्षांचा आहे, दिवसाला तीन-तीन वेळा पर्यटकांना घेऊन खाली जातो आणि त्याचा ईसीजी किंवा कोलेस्टेरॉल आजवर कुणी पाहिलेलं नाही. तो गुरुवारी येणार आहे. त्याने फॉर्म घरीच भरला, सरांनी लाल पेनाने तपासला आणि मला फोटो पाठवला. घराण्यातल्या हृदयविकाराची ओळ पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी असली तरी तिच्यासमोर मुलाने आधी ‘नाही’ लिहिलं होतं. ते खोडून शेजारी ‘हो’ केलेलं आहे, आणि समासात सरांच्या अक्षरात: ‘वडील, ४७ व्या वर्षी’.